कामाच्या खोलीत माणसं किती मावतात: मोजणीची तयारी

टेप हातात घेण्याआधी तीन कागद काढून ठेवा: कारखान्याचा मंजूर नकाशा, सगळ्या पाळ्यांचं मस्टर आणि ठेकेदाराच्या माणसांची हजेरी. तिसरा कागद हमखास राहतो. कायद्याच्या लेखी मात्र ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याची जागाही मोजावी लागते.

मग आकडा पक्का करा. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 16 नुसार प्रत्येक कामगारामागे किमान 14.2 घनमीटर जागा हवी होती. 1 एप्रिल 1949 ला, म्हणजे हा कायदा लागू झाला तेव्हा, जे कारखाने उभे होते त्यांना 9.9 घनमीटरची सवलत होती. जुन्या कारखान्याच्या आवारात नंतर शेड बांधली असेल तर तिथे 14.2 च धरा, वाद नको. हे विचित्र आकडे मुळात 500 आणि 350 घनफुटांचे आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे, म्हणून आपल्या राज्याच्या चालू नियमांत कोणता आकडा आहे ते आधी पाहून घ्या. खालचा हिशेब 14.2 चा आहे आणि कलमं त्या जुन्या कायद्याची आहेत.

आता मोजणी. लांबी-रुंदी भिंतीच्या आतल्या बाजूने घ्या. नकाशावरून उचलू नका, कारण नकाशा मंजूर झाल्यावर उभं राहिलेलं पार्टिशन त्यात नसतं. उंची जमिनीपासून छताच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा, फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्यापर्यंतच. आणि सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे: 4.2 मीटरच्या वरची जागा हिशेबात येतच नाही. नुसत्या उंच छताच्या जोरावर खाली दाटीवाटी करता येऊ नये, म्हणून ही मर्यादा आहे.

खोली 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि 5.5 मीटर उंच आहे असं धरू. पूर्ण उंचीने गुणलं तर 528 घनमीटर येतात आणि 37 माणसं बसतात असं वाटतं. बरोबर हिशेब 12 × 8 × 4.2, म्हणजे 403.2 घनमीटर. भागाकार 28.39 येतो, म्हणून 28 माणसं. अपूर्णांक नेहमी सोडून द्यायचा, 28.9 आलं तरी 28 च. त्याच खोलीला 3 मीटरवर फॉल्स सीलिंग ठोकलं की संख्या 20 वर येते. एसीसाठी सीलिंग बसवताना हे कुणाच्या लक्षातही नसतं.

पत्र्याच्या उतरत्या छपराला सरासरी उंची चालत नाही. वरच्याच मापाच्या शेडमध्ये कडेची उंची 3.4 आणि मधली 5.8 मीटर असेल, तर सरासरी 4.6 निघते आणि कुणीही सहज 4.2 धरून 28 लिहून मोकळा होतो. पण दोन्ही कडांजवळच्या साधारण 1.33 मीटर पट्ट्यात छप्पर 4.2 च्या खालीच आहे. तेवढा भाग वेगळा मोजला की 390.4 घनमीटर आणि 27 माणसं येतात. कागदावर छपराचा छेद काढून 4.2 वर आडवी रेघ मारा, चूक होणार नाही. पोटमाळा असेल तर खालची जागा माळ्याच्या तळापर्यंतच मोजा.

प्रत्येक खोलीचा हिशेब वेगळा. शेजारचं गोडाऊन रिकामं आहे म्हणून पॅकिंगच्या खोलीतली गर्दी माफ होत नाही. माणसं मोजताना सर्वांत गजबजलेली वेळ धरा: पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं एकत्र काम करत असतील तर तीच.

यंत्रं, रॅक आणि मालाच्या थप्प्या वजा करायच्या का? कलम 16 च्या आकड्यात तसं म्हटलेलं नाही. तरीही स्वतःपुरता तो हिशेब करून ठेवाच, कारण त्याच कलमाचं पहिलं वाक्य आरोग्याला अपाय होईल इतकी गर्दी मुळातच मना करतं; 14.2 भरले म्हणून ते वाक्य गप्प बसत नाही. इंटरनेटवर दिसणारा 11 घनमीटरचा आकडा ब्रिटनचा आहे. तिथे रिकाम्या खोलीचं घनफळ 3 मीटर उंचीपर्यंत धरतात आणि सामान जास्त असेल तर 11 ही अपुरे पडू शकतात असं मानतात. तो इथे वापरू नका.

खिडक्यांवरही नजर टाका. घनफळ पुरेसं असलं तरी रॅकमागे खिडकी झाकली गेली असेल तर कलम 13 च्या हवा खेळती ठेवण्याच्या अटीत अडकाल.

शेवटी प्रत्येक खोलीची मापं, गुणाकार, कमाल संख्या आणि मोजल्याची तारीख एका कागदावर लिहून नकाशासोबत ठेवा. जुन्या कायद्यात कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांनी लेखी आदेश दिला असेल तर ही संख्या खोलीत सूचना म्हणून लावावी लागे, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. जागेच्या अटीतून सवलत मिळे, पण तीही त्यांच्या लेखी आदेशानेच. नवं पार्टिशन, पोटमाळा, सीलिंग किंवा वाढीव पाळी यांपैकी काहीही झालं की त्या खोलीचा कागद नव्याने करा.