टाकीतले जुने पेट्रोल आजच काढा

पावसाने उघडीप दिली, पिकावर अळी दिसली, की घाईघाईने पेट्रोलवरचा फवारणी पंप बाहेर निघतो. दोरी ओढली जाते. वीस वेळा, चाळीस वेळा. प्लग काढून पुसला जातो, शेजारचा माणूस येऊन त्याचा हात लावून बघतो, आणि शेवटी पंप गाडीवर टाकून गॅरेजकडे न्यावा लागतो. तिथे आधीच दहा जणांचे पंप रांगेत असतात. तिसऱ्या दिवशी पंप दुरुस्त होऊन येतो तेव्हा आभाळ पुन्हा भरलेले असते आणि अळी शेंड्यातून खाली उतरलेली असते. असे गेलेले पीक मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता पंप बघितला की आधी टाकी हलवून बघतो. आत डुबुक वाजले, की काय झाले असेल ते उघडण्याआधीच कळते.

म्हणून पहिले काम आजचेच. पंप, चेनसॉ, ब्रश कटर, जे काही टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारे) यंत्र मागच्या हंगामापासून पडून आहे, त्याची टाकी रिकामी करा. वास बरा येतोय, रंग बदललेला नाही, असल्या गोष्टींवर जाऊ नका. ते पेट्रोल शेतात, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. खूण केलेल्या डब्यात भरा आणि जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आता कारण. टू-स्ट्रोक इंजिनाला खाली ऑइलची वेगळी टाकी नसते. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, सगळ्यांना तेल मिळते ते पेट्रोलमधूनच. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावा ओढते. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी (म्हणजे टू-स्ट्रोकचे) ऑइल त्या थरात उतरत नाही. टाकीतला फिल्टर तर वजनाने तळाशीच पडलेला. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो बिनतेलाचा. दुसरीकडे, कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर ठेवते. केसाएवढी भोके आणि आतली बारीक जाळी त्याने बुजते. डायफ्राम, म्हणजे तो पातळ पडदा, ताठरतो आणि पेट्रोल पुरेसे ओढत नाही.

अशा यंत्राने सुरूच होण्यास नकार दिला तर एक फवारणी चुकते. पण ते सुरू झाले तर जास्त नुकसान होते. अर्धवट बुजलेल्या कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते, त्याला मिस्त्री लोक लीन चालणे म्हणतात. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता जास्त. गंमत अशी की लीन चालणारे इंजिन काही वेळ फार छान वाटते. आवाज तीक्ष्ण, रेस जोरात. वादळात बांधावर पडलेले झाड कापायला एकाने दोन वर्षे पडून असलेला चेनसॉ काढला होता. टाकीत होते तेच पेट्रोल. ‘नव्यापेक्षा जोरात चालतोय’ म्हणून तो खूश होता. तिसऱ्या फांदीवर आवाज एकदम खाली आला आणि इंजिन जाम झाले. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे.

नवे मिश्रण करताना यंत्राच्या पुस्तिकेतले प्रमाण पाळा. ५०:१ असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणाने ओतू नका, मापाचा कप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. मिश्रण टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करा: अर्धे पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेले पेट्रोल. ऑइल टू-स्ट्रोकचेच हवे, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी ही दर्जाची खूण लिहिलेली बघा. मोटारसायकलच्या इंजिनातले ऑइल चालत नाही. आणि आधी खात्री करा की तुमचा पंप टू-स्ट्रोकच आहे. इंजिनाला ऑइल भरायचे वेगळे झाकण असेल तर तो फोर-स्ट्रोक, त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे नसते.

माझा स्वतःचा हात ५०:१ च्या यंत्राला लिटरमागे २२ मिलीकडे झुकतो, उन्हात दिवसभर चालवायचे असेल तर. पुस्तिकेत तसे नाही, सवय म्हणा. पण जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असे समजून दुप्पट ओतणारेही भेटतात. त्यांचा प्लग काळा ओला होतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते.

कॅनवर तारीख लिहा. महिन्यापेक्षा जुने मिश्रण वापरू नका. म्हणूनच पाच लिटर एकदम करून ठेवू नका, आठवड्यापुरतेच करा.

बाकीची नेहमीची कामे, हंगामाआधी एकदा:

– एअर फिल्टर काढून झटका, फोम असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा
– टाकीतला पेट्रोल फिल्टर बदला
– पेट्रोलची नळी वाकवून बघा, चिरली असेल तर बदला
– प्लगचे अंतर पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक चेनसॉला ०.५ मिमी
– सायलेन्सरची जाळी ब्रशने साफ
– सिलिंडरच्या पंखांतला कचरा काढा
– ब्रश कटरच्या गिअरमध्ये ग्रीस
– चेनसॉची पट्टी उलटी करून बसवा, चेन ऑइल भरा, चेनला कानस

चेनबद्दल एकच सांगतो. कापताना चिपा न पडता पीठ पडू लागले की चेन बोथट आहे. माणूस मग जोर लावतो, इंजिन तापते आणि दोष कार्बोरेटरला मिळतो.

कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावायचा तो एवढे सगळे झाल्यावर. घाण फिल्टर आणि जुन्या पेट्रोलवर केलेली सेटिंग नव्या पेट्रोलवर चुकीची ठरते. एल म्हणजे कमी रेसचा स्क्रू, एच म्हणजे पूर्ण रेसचा, आणि एलए किंवा टी म्हणजे आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहते त्या वेगाचा. एल आणि एच घड्याळाच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी होते, उलट फिरवले की वाढते. ते हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करून पुस्तिकेत सांगितले तेवढे उघडा. पुष्कळ यंत्रांना सुरुवात एका फेऱ्याने होते. दाबून बंद करू नका, टोक बसून जाते.

यंत्र पाचेक मिनिटे गरम होऊ द्या. आधी एल: रेस दिल्यावर इंजिन अडखळत असेल तर थोडे उघडा. मग आयडल: चेनसॉची चेन आयडलला फिरता कामा नये, ही अट मोडायची नाही. शेवटी एच. पूर्ण रेसला, भार नसताना, इंजिन थोडे भरडल्यासारखे वाजले पाहिजे, आणि लाकडात घालताच आवाज साफ झाला पाहिजे. भार नसताना शिट्टीसारखा सरळ तीक्ष्ण आवाज येत असेल तर एच उघडा, लगेच. काही यंत्रांत रेव्ह लिमिटर, म्हणजे रेस मर्यादेबाहेर जाऊ न देणारी सोय, असतो आणि तोही असाच भरडा आवाज काढतो. तिथे कानावर विसंबू नका, टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारे मीटर) लावून पुस्तिकेतल्या आरपीएमशी, म्हणजे मिनिटातल्या फेऱ्यांशी, ताडा. फवारणी पंपाची चाचणी घेताना औषधाच्या टाकीत साधे पाणी भरा, पंप कोरडा चालवू नका. हे सगळे उघड्यावर करा, बंद खोलीत धूर जीव घेतो.

स्क्रू फिरवूनही आयडल वरखाली होत राहिले, किंवा रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेऊ लागले, तर स्क्रूशी खेळणे थांबवा. कुठून तरी हवा शिरते आहे: इनटेकचा रबर, गॅस्केट किंवा क्रँकचे सील. आणि गरम झाल्यावर बंद पडणारे यंत्र टाकीचे झाकण सैल करताच सुधारले तर टाकीची हवेची वाट बुजलेली आहे. इंजिन बंद करून ती साफ करा, खर्च शून्य.

दुकानदार मात्र शून्य खर्चाचे काही सुचवत नाही. पेट्रोलमध्ये ओतायच्या रंगीत बाटल्या घेऊ नका, बुजलेली जाळी त्याने उघडताना मी पाहिलेली नाही. ‘कार्बोरेटर गेला’ असे सांगितले तर आधी डायफ्रामचे किट मागा. कार्बोरेटरच्या अंगावर वॉल्ब्रो किंवा झामा असे कंपनीचे नाव आणि क्रमांक असतो, किट त्या क्रमांकानेच घ्या. भोके कार्बोरेटर क्लीनरने धुवा, तार घालू नका. ‘ब्लॉक-पिस्टन बदला’ म्हणाला तर सायलेन्सर काढून पिस्टन दाखवायला सांगा. ओरखडे नसतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा. माझी एक अडाणी चाचणी आहे: प्लग बसवलेला, स्विच बंद आणि इंजिन थंड ठेवून छोटे यंत्र दोरीच्या मुठीने लटकवा. हप्त्याहप्त्याने खाली आले तर जीव आहे, सरळ खाली गेले तर पिस्टनच्या रिंगा बघा. गेज मिळत असेल तर गेजच वापरा.

आणि पुन्हा टाकीकडे. पुढची फवारणी दोन आठवड्यांपेक्षा लांब असेल तर संध्याकाळी पंप धुतल्यावर पेट्रोलची टाकी रिकामी करा. इंजिन सुरू करून आयडलला आपोआप बंद पडू द्या. थोडे थांबून चोक लावून पुन्हा सुरू करा, म्हणजे उरलेला थेंबही जाईल. हंगाम संपला असेल तर प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. एकूण दहा मिनिटे लागतात. अंधार पडला, उद्या करू, असे म्हणून जे पंप कोपऱ्यात गेले, तेच पुढच्या उघडिपीला त्या दहाच्या रांगेत दिसतात.