झाडाला वाळवी लागलीय? औषध ओतायच्या आधी एवढं बघा

खोडावर मातीचा थर चढलेला दिसला की आपण काय करतो, तर औषध आणतो आणि बुंध्यात ओततो. मी पण तेच केलं होतं आणि महिन्याभरात त्याच खोडावर परत तीच माती. नंतर आळं उकरताना कळलं की दोन हातांवर जुन्या झाडाचा खुंट मातीखाली तसाच सडत पडलेला, सगळी फौज तिथून येत होती. वाळवी खोडावर दिसली म्हणजे ती खोडातच राहते असं नाही, तिचं घर बहुतेक वेळा जमिनीत असतं आणि झाडावर ती फक्त खायला येते.

आधी वाळवीच आहे ना ते बघा. वाळवीचं अंग मऊ आणि फिकट, ऊन आणि कोरडी हवा तिला सोसत नाही म्हणून ती उघड्यावर फिरत नाही, मातीच्या बोगद्यातून किंवा मातीच्या पापुद्र्याखालूनच चालते. खोडावर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या रेघा किंवा साल झाकणारा मातीचा लेप दिसला तर संशय घ्यायला जागा आहे. पण खोडाला गोल भोक, त्यातून भुसा पडतोय, डिंक येतोय असं असेल तर तो खोडकिडा, त्याचा इलाज वेगळा, उगाच वाळवीचं औषध घालू नका. पावसाच्या सुरुवातीला उडणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांना पण लोक मुंग्या समजतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात, मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

आता खरी टेस्ट. सगळी माती एकदम घासून काढू नका, तळहाताएवढा तुकडाच खरवडा आणि दोन-तीन दिवसांनी परत बघा, माती पुन्हा लिंपलेली असेल तर वाळवी चालू आहे, नसेल तर कदाचित ती कधीच निघून गेलीय आणि तुम्ही रिकाम्या घराला कुलूप लावताय. खरवडलेल्या जागेखाली सालीला नखाने टोकरा. वरची वाळलेली साल खाल्लीय पण खाली हिरवट ओलं लागतंय, तर झाडाला फार काही झालेलं नाही, कारण बऱ्याच वाळव्या मेलेलं लाकूड आणि सुकी सालच खातात. स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला किंवा खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर मात्र प्रकरण आतपर्यंत पोचलंय. मोठं झाड आतून पोकळ होऊनही वरून हिरवंगार राहू शकतं, कारण खोडाचा गाभा मेलेलाच असतो, जिवंत भाग सालीच्या लगत असतो. म्हणून पानं हिरवी आहेत यावर भरवसा ठेवू नका, आणि असं झाड घराकडे किंवा रस्त्याकडे कललेलं असेल तर स्वतः प्रयोग न करता झाडांच्या जाणकाराला दाखवा.

रोपांचं गणित वेगळं आहे. तिथे वाळवी मुळं आणि जमिनीलगतचं खोड कुरतडते, पाणी देऊनही रोप अचानक मान टाकतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. ते गेलंच, शेजारची बघा.

मग करायचं काय, तर आधी तिचं खाणं बंद करा. जुने खुंट, मातीत गाडलेले लाकडाचे तुकडे, आधाराच्या कुजक्या काठ्या, खोडाला टेकवलेली सरपणाची रास हे सगळं काढा. न कुजलेलं शेणखत आळ्यात घालू नका, त्याने वाळवी ओढली जाते. पालापाचोळ्याचं आच्छादन चांगलंच, फक्त खोडापासून 15 सेंटीमीटर तरी लांब ठेवा म्हणजे बुंधा कोरडा राहतो आणि मातीची रेघ चढली तर लगेच दिसते. वाळलेल्या फांद्या साफ कापा, तुटके खुंट ठेवू नका. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतात, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी या प्रमाणात, आणि भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. पण ती मुख्यतः जखमेत बुरशी शिरू नये म्हणून असते, वाळवी मारायचं औषध समजू नका.

एवढं करूनही माती परत चढली तर औषधाकडे वळा. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती वाळवीला रोग लावते, पण मातीत ओल हवी आणि संध्याकाळी द्यायची, कडक उन्हात ती मरते, आणि त्याच वेळी बुरशीनाशक घातलंत तर ती बुरशीपण जाणार. रासायनिक औषध घेणार असाल तर लेबलवर वाळवी आणि तुमचं झाड दोन्ही आहे का ते वाचा, मात्रा अंदाजाने वाढवू नका, फळं किती दिवस तोडायची नाहीत तेही तिथेच लिहिलेलं असतं. हातमोजे घाला, विहिरीजवळ ओतू नका आणि झाड फुलावर असताना थांबा, मधमाश्या मरतात. रॉकेल, जळकं ऑइल, मीठ हे तर अजिबात नको, वाळवीच्या आधी मुळं जातील.

आणि खरवडलेली ती तळहाताएवढी जागा खडूने गोल करून ठेवा, पुढचे दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा पाणी घालतानाच नजर टाकायची, पावसात तर नक्कीच.