वर्गणीचा कोरा तक्ता कोराच राहावा म्हणून या चुका टाळा

बडोद्यात, दांडिया बाजार असो की रावपुरा, गणेश मंडळाचा वर्गणी-तक्ता दरवर्षी नव्याने कोण बनवत बसतो? गेल्या वर्षीचीच फाइल कोरी करून ग्रुपवर टाकायची. मग चार दिवसांत बेरजेच्या चौकटीत कोणीतरी हाताने ५०१ लिहिलेलं सापडतं आणि सूत्र गायब. यात खोडसाळपणा क्वचितच असतो. नमुना आणि भरायची फाइल एकच ठेवली, तिथेच घोळ होतो.

गूगल शीट्समध्ये मूळ नमुना खजिनदाराकडेच ठेवा. इतरांना दाखवायचा असेल तर फक्त 'व्ह्यूअर' म्हणून. दर वर्षी 'मेक अ कॉपी' करून त्या प्रतीचीच लिंक वाटा. प्रत्येकाने आपापली प्रत काढू नये, नाहीतर विसर्जनानंतर सहा तक्ते जुळवत बसावं लागेल!

एक्सेलवाल्यांना जुनी सवय नडते: फाइल उघडायची, भरायची, शेवटी 'सेव्ह ॲज'. फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल, तर भरलेलं सगळं तोवर मूळ फाइलमध्येच जाऊन बसलेलं असतं. म्हणून प्रत आधी, लिहिणं नंतर. संगणकावरची फाइल 'एक्सेल टेम्प्लेट' प्रकारात साठवली तर डबल-क्लिक केल्यावर नवी, बिननावाची फाइल उघडते. पण एक्सेलच्या आतून 'ओपन' केलं की मूळ नमुनाच उघडतो.

आता कुलूप. एक्सेलमध्ये सगळ्या चौकटी मुळातच 'लॉक्ड' असतात, फक्त 'प्रोटेक्ट शीट' करेपर्यंत ते जाणवत नाही. थेट प्रोटेक्ट केलं की नाव-रक्कमही भरता येत नाही, लोक वैतागतात आणि कुलूपच काढून टाकतात. आधी भरायचे रकाने निवडा, 'फॉरमॅट सेल्स'मधल्या 'प्रोटेक्शन'मध्ये 'लॉक्ड'ची खूण काढा, मग प्रोटेक्ट करा. गूगलमध्ये उलट, ज्याला कुलूप लावायचं तेवढंच निवडायचं. तिथे 'शो अ वॉर्निंग'वर विसंबू नका. इशारा वाचतो कोण, सगळे 'ओके' दाबून मोकळे. एडिट कोण करू शकेल हे ठरवणारा पर्याय घ्या. फाइलच्या मालकाला मात्र हे कुलूप लागू नाही, तेव्हा खजिनदारांनी स्वतःच जपून टाइप करावं. आणि कुलूप म्हणजे पडदा नव्हे: देणगीदारांचे मोबाइल नंबर लिंक मिळालेल्या प्रत्येकाला दिसतात. ते वेगळ्या फाइलमध्येच बरे.

इतकं करूनही सूत्र उडालंच, तर घाईने जुनी आवृत्ती 'रिस्टोअर' करू नका. त्यानंतर भरलेल्या पावत्याही चालू तक्त्यातून जातील. 'व्हर्जन हिस्टरी'त जाऊन जुन्या आवृत्तीची फक्त प्रत काढा, तिच्यातलं सूत्र उचला आणि चालू तक्त्यात त्याच चौकटीत डकवा.