कासवं आणि कचरा मोजायला कोकणात जायचंय? आधी हे वाचा

थंडी संपत आली की दरवर्षी कॉलेजची पोरंपोरी विचारायला लागतात, वेळास-आंजर्ले-केळशीकडे कासवांच्या कामाला यायचंय, नक्की काय करावं लागतं आणि पुढे करियरला उपयोग होतो का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पिल्लं समुद्रात सोडतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात. ती दहा-पंधरा मिनिटं भारीच असतात, पण त्याच्यामागे कित्येक महिन्यांची पायपीट असते. इथे येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं. मादी अंडी घालायला साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये येते, बहुतेक रात्रीच, आणि कोल्ह्याकुत्र्यांनी अंडी उकरायच्या आत घरटं सापडायला हवं म्हणून गावातले कासवमित्र उजाडायच्या आधीच पुळणीवर चालायला लागतात, तुम्हाला त्यांच्या मागे चालायचंय. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सुरू केलं, म्हणजे इतक्या वर्षांत या लोकांची नजर किती तयार झाली असेल बघा. मोबाईल खिशात ठेवा आणि ते काय बघतात ते बघा.

ऑलिव्ह रिडले चालताना फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, आलटून पालटून टाकते, त्यामुळे वाळूत डावा-उजवा असा तिरका माग उमटतो. एक माग वर आलेला, एक परत गेलेला आणि मध्ये कुठेतरी विस्कटलेली वाळू. तिथे कासवमित्र काठी हळूहळू टेकवत जातात, सगळीकडे घट्ट लागते आणि एका जागी भसकन आत जाते, की थांबायचं आणि हाताने वाळू काढायची. हे तुम्ही करायचं नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे, वनखात्याने ज्याला काम दिलंय तोच हात लावतो. तुमचं काम वहीचं. वेळ, जीपीएस, भरतीच्या रेषेपासूनचं अंतर, खड्ड्याची खोली, अंड्यांची संख्या. पिंगपाँगच्या चेंडूएवढी पांढरी अंडी एकेक करून बाहेर येतात, शंभर, सव्वाशे, कधी त्याहून जास्त, आणि मोजणारा मोठ्याने आकडा म्हणतो तेव्हा तो नीट ऐकून लिहायचा. मग हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायला किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, वर अरुंद आणि खाली रुंद खड्डा करून ती ठेवतात. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत निघतात, थंडीत उशिरा, उन्हाळ्यात लवकर. वाळू किती तापते त्यावर नर की मादी ते ठरतं, गरम असेल तर माद्या जास्त, म्हणून तापमानाची नोंद चुकवायची नाही.

कधी कधी मादी येऊन अंडी न घालताच परत जाते, तेही लिहायचं. आणि ज्या दिवशी काहीच दिसलं नाही तो दिवस तर लिहायचाच. नवीन मुलं इथेच कंटाळतात, पण मला विचाराल तर ‘आज काही नाही’ असं लिहिलेली पानं सगळ्यात मोलाची आहेत, कारण पाच घरटी सापडली म्हणजे किती पहाटा चालून सापडली हे कळल्याशिवाय यंदा वाढली की कमी झाली ते कसं सांगणार?

कचऱ्याचंही तसंच. साफसफाई वेगळी आणि मोजणी वेगळी. मोजणीसाठी १०० मीटरचा एक पट्टा ठरवायचा, पाण्याच्या कडेपासून मागे मर्यादवेल किंवा सुरूचं बन सुरू होतं तिथपर्यंत, आणि दर महिन्याला तोच पट्टा. बुचं, चपला, दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, सगळं वेगवेगळं. थर्माकोल फार त्रास देतो, उचलला की हातातच एकाचे दहा तुकडे होतात, म्हणून अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडा मोजायचा नाही असा काहीतरी नियम आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. मधे कोणी बीच क्लीनअप करून गेलं असेल तर तेही लिहा, नाहीतर कचरा आपोआप कमी झाला असं वाटेल.

मोजणी ओहोटीला करायची. भरतीचा साधा कोकणी हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. ॲप आहेतच, पण किनाऱ्यावर रेंज नसते तेव्हा हेच कामाला येतं.

मेलेलं कासव दिसलं तर फोटो, पाठीची लांबी शिंप्याच्या टेपने, आणि फ्लिपरवर धातूचा टॅग आहे का ते बघा, नंबर असेल तर दोनदा वाचून लिहा. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, हे कळलं ते कोणीतरी तो नंबर वाचला म्हणूनच! जिवंत पण जखमी असेल तर पाण्यात ढकलू नका, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. मच्छीमारांशी ओळख ठेवा, जाळं कापून कासव सोडलं तर त्यांना राज्य सरकारकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फक्त फोटो किंवा व्हिडिओ लागतो, हे अजून सगळ्यांना माहीत नसतं.

करियरचं विचाराल तर सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. एमएस्सीला किंवा एखाद्या प्रोजेक्टवर फिल्ड असिस्टंट म्हणून जाताना सलग एक सीझन नीट भरलेली वही दाखवता आली तर तिचं वजन जास्त.

सुरुवात करायची तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात कॉलेजचं पत्र द्या, राहायला गावात घरगुती सोय होते. रात्री पांढरा टॉर्च आणि फ्लॅश अजिबात नको, लाल कागद लावून घ्या. आणि जमलं तर जून ते सप्टेंबरमध्ये या. तेव्हा कासवं नसतात म्हणून कोणी फिरकत नाही, पण समुद्र सगळ्यात जास्त कचरा तेव्हाच बाहेर टाकतो, डांबराचे गोळेसुद्धा, आणि त्याच महिन्यांची मोजणी आमच्याकडे सगळ्यात तुटपुंजी आहे. जाड हातमोजे आणि बंद बूट आणा, वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला, आणि लिहायला पेन्सिल, पेनची शाई पावसात पसरते.