रेकॉर्डिंग प्लेअरवर वाजत नाही? ध्वनिफाइल तयार करताना या चुका टाळा

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ ऐकू येणारा आवाज पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या प्लेअरला लावला की ‘फॉरमॅट चालत नाही’ असा संदेश येतो आणि आपण फाइल बिघडली असे समजतो. बहुतेक वेळा फाइल शाबूत असते. ती ज्या रूपात साठवली गेली आहे, ते रूप त्या प्लेअरला वाचता येत नाही, एवढेच.

सर्वांत प्राथमिक चूक म्हणजे प्रकल्पाची फाइल हीच ध्वनिफाइल समजणे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेव्ह’ केल्यावर तयार होणारी एयूपी३ फाइल हा खरे तर एक डेटाबेस असतो. त्यात ट्रॅक, कापाकापी आणि इफेक्ट यांची नोंद असते, पण कोणताही सामान्य प्लेअर ती वाजवत नाही. वाजणारी फाइल हवी असेल, तर ‘एक्स्पोर्ट’ करावेच लागते.

दुसरी चूक यापेक्षा अधिक फसवी आहे. फाइलच्या नावातले शेवटचे ‘वेव्ह’ पुसून तेथे ‘एमपी३’ लिहिल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली साखर मीठ होत नाही, तसेच हे आहे. काही प्लेअर नावाकडे दुर्लक्ष करून आतला मजकूर तपासतात, त्यामुळे अशी फाइल संगणकावर वाजते आणि इतरत्र अडते. शंका आल्यास व्हीएलसी या प्लेअरच्या ‘टूल्स’ मेनूतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडावे. कोडेक (ध्वनी साठवण्याची आणि उलगडण्याची पद्धत), सँपल रेट (दर सेकंदाला घेतलेल्या ध्वनिनमुन्यांची संख्या) आणि चॅनेल तेथे दिसतात, आणि निम्मे कोडे तिथेच सुटते.

वेव्ह हे केवळ वेष्टन आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या या प्रकारात प्रत्येक नमुन्याला १६ बिट, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट (दशांश संख्येच्या रूपात) असे वेगवेगळ्या घडणीचे ध्वनी राहू शकतात. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट सहज वापरतात, तर अनेक साध्या प्लेअरची मजल १६ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झपर्यंतच असते. अशा वेळी दोन्ही फाइलींचे एक्स्टेन्शन एकच असूनही एक वाजते आणि दुसरी वाजत नाही. म्हणून प्लेअरसाठी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ अशी वेगळी प्रत काढावी. ३२ बिट फ्लोटमध्ये शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या, वर गेलेला आवाजही टिकून राहतो, पण १६ बिटमध्ये उतरवताना तो भाग छाटला जाऊन खरखर येते. त्यामुळे एक्स्पोर्ट करण्यापूर्वी पातळी थोडी खाली आणणे इष्ट.

लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक अडचण येते. वेव्हच्या शीर्षभागात (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा असल्याने सुमारे ४ जीबी ही त्याची मर्यादा ठरते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ रेकॉर्डिंग साधारण दोन तासांतच ही मर्यादा गाठते. त्यापुढे आरएफ६४सारखा, मोठ्या फाइलींसाठीचा वेव्हचा प्रकार निवडावा, किंवा रेकॉर्डिंगचे भाग पाडावेत. पेन ड्राइव्ह फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर राहतच नाही. उलट एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह काही जुन्या प्लेअरना दिसतही नाही.

एमफोरए या ध्वनिफाइलच्या प्रकाराबाबतही सावध राहावे, कारण त्याच नावाखाली एएसी (काही तपशील गाळून दाबणारा कोडेक) किंवा ॲपलचा लॉसलेस (काहीही न गाळणारा) कोडेक यांपैकी काहीही असू शकते, आणि एएसी वाजवणारा प्लेअर दुसरा कोडेक वाजवेलच असे नाही.

एमपी३ सर्वत्र चालते, म्हणून घाईने तेच मूळ रूप करून टाकणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. दाबलेल्या फाइलीतून गेलेला तपशील तिचे पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही, आणि पुन्हा दाबल्यास आणखी तपशील जातो. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक (तपशील न गमावता दाबणारा प्रकार) यात ठेवावी आणि एमपी३ तिच्यापासून काढावी. एमपी३चा कालावधी चुकीचा दिसत असेल, तर बहुधा बदलत्या बिटरेटची (दर सेकंदाला वापरलेल्या बिटांच्या संख्येची) माहिती शीर्षभागात नसते. मूळ प्रतीवरून १९२ किलोबिटच्या स्थिर बिटरेटवर नव्याने एक्स्पोर्ट केल्यास हा घोळ सहसा मिटतो.