चिंता आणि पालकत्व या विषयातले मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर

मुलांच्या चिंतेवर काम करायचं ठरवलं की डोळ्यांसमोर येतं ते घाबरलेलं मूल आणि त्याच्याशी बोलणारे आपण. पण आठवड्याच्या १६८ तासांपैकी मूल आपल्यासमोर असतं जेमतेम एक तास. उरलेल्या वेळात त्याची भीती वाढते की ओसरते, हे बरंचसं घरातल्या मोठ्यांच्या वागण्यावर ठरतं. त्यामुळे या क्षेत्रात यायचं तर मुलांवर उपचार आणि पालकांबरोबरचं काम, दोन्ही सारख्याच गांभीर्याने शिकावं लागतं. अनेक जण पहिलं शिकतात आणि दुसरं ‘ओघात जमेल’ म्हणून सोडून देतात. तिथेच केसेस अडकतात.

पदवी ते परवाना

कुठल्याही कोर्सला प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट तपासा: जिथे काम करायचं आहे, तिथे ‘मानसशास्त्रज्ञ’ म्हणून उपचार करायचा परवाना कोण देतं आणि त्यासाठी नेमकी कोणती पदवी मान्य आहे? काही देशांत पदव्युत्तर पदवी आणि पर्यवेक्षणाखालचं प्रशिक्षण पुरतं, काही ठिकाणी डॉक्टरेट लागते. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाव आकर्षक असलेला, पण परवान्यासाठी ग्राह्य नसलेला अभ्यासक्रम पूर्ण करणं. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. परवाना देणाऱ्या यंत्रणेची मान्य अभ्यासक्रमांची यादी स्वतः पाहा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, कितीही सुबक छापलेलं असलं तरी.

पदवीच्या वर्षांत विकासात्मक मानसशास्त्र, शिकण्याचे सिद्धांत आणि संख्याशास्त्र हे तीन विषय पक्के करा. संख्याशास्त्राला विद्यार्थी कंटाळतात, पण पुढे रोज लागतं तेच. एक उदाहरण घ्या. मुलांच्या चिंताविकारांवरची एक महत्त्वाची चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती आणि उपचार १२ आठवडे चालले. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती) आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या गटात सुमारे ८१ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. फक्त सीबीटी घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६०, फक्त औषध घेतलेल्यांत ५५ आणि प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) गटात २४ टक्के होतं. हे आकडे वाचता येणारा मानसशास्त्रज्ञ पालकांना प्रामाणिकपणे सांगू शकतो: “नुसत्या सीबीटीने बऱ्याच मुलांना फायदा होतो, सगळ्यांना होत नाही. बारा आठवड्यांनी फरक दिसला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे औषधाचा सल्ला घेऊ.” ज्याला ते वाचता येत नाहीत, तो एक तर अवाजवी भरवसा देतो, नाही तर औषधाचं नाव काढायलाच कचरतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना चार प्रश्न विचारा. प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास मिळतात? त्यात मुलं आणि कुटुंबं असतात का? पर्यवेक्षक तुमचं सेशन स्वतः पाहतात, निदान त्याचं रेकॉर्डिंग तरी ऐकतात, की फक्त तुमच्या तोंडून वर्णन ऐकतात? एक्स्पोजर, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याचा सराव, फक्त वर्गात शिकवतात की करून दाखवतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त वर्णन ऐकतात’ असं आलं तर पुन्हा विचार करा. स्वतःच्या सेशनचं वर्णन करताना प्रत्येक जण नकळत नेमका चुकलेला भाग गाळतो.

मूल्यमापन: आधी हे हातात बसवा

वयानुसार भीती बदलते, ती यादी पाठ हवी. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास अनोळखी माणसांची भीती, चालायला लागल्यावर आई-वडिलांपासून दूर होण्याची, शाळेआधीच्या वयात अंधाराची आणि राक्षसांची, शाळेत इजा किंवा आजारपणाची, किशोरवयात लोक काय म्हणतील याची. यातलं काहीही असणं हा विकार नाही. भीतीची तीव्रता, तिचा कालावधी आणि तिच्यामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं, यावर निदान ठरतं. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत विभक्ततेच्या चिंताविकारासाठी मुलांमध्ये किमान चार आठवडे, सामान्यीकृत चिंताविकारासाठी (अनेक गोष्टींची सतत काळजी) सहा महिने आणि निवडक मौनासाठी (घरी बोलणारं मूल शाळेसारख्या ठिकाणी बोलतच नाही) एक महिना ही मुदत दिली आहे. निवडक मौनात शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला महिना धरत नाहीत, कारण नव्या जागी बरीच मुलं गप्पच असतात.

प्रश्नावल्यांपैकी ४१ प्रश्नांची ‘स्केअर्ड’ सुरुवातीला पुरेशी आहे. ती मुलासाठी वेगळी आणि पालकांसाठी वेगळी असते. एकूण गुण २५ किंवा जास्त आले की पुढे सविस्तर मुलाखत घ्यायची. दोघांची उत्तरं क्वचितच जुळतात. त्यांची सरासरी काढू नका, तफावतच वाचा. पालकांनी ३८ आणि मुलाने १२ दिले असतील तर मूल लपवतंय, की पालक स्वतःच्या चिंतेतून पाहताहेत, की मूल घाबरतंय ते फक्त घरी? पुढच्या सेशनचे प्रश्न यातूनच निघतात.

निदान चुकण्याच्या नेहमीच्या जागाही ठाऊक असाव्यात. शाळेत जायला नकार देणारं प्रत्येक मूल चिंताग्रस्त नसतं. त्रास देणारी मुलं, न ओळखलेली अध्ययन अक्षमता, घरातलं भांडण, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. छळ होत असलेल्या मुलाला ‘भीतीला सामोरा जा’ म्हणून वर्गात पाठवणं हा अन्याय आहे. धडधड, घाम, थरथर यांमागे थायरॉइड, भरपूर कॅफीन किंवा दम्याचं औषध असू शकतं, म्हणून डॉक्टरांची तपासणी आधी करून घ्यावी. स्वमग्नता आणि एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता) हेही चाळून पाहावं लागतं.

एक्स्पोजर: टाळू नये असा भाग

मुलांच्या चिंतेवरच्या उपचारांचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती, ससा थोडा थोडा जवळ आणत घालवली होती. पुढे टेंपल विद्यापीठात फिलिप केंडॉल यांनी ‘कोपिंग कॅट’ हा १६ सेशन्सचा कार्यक्रम बांधला. त्यात पहिला अर्धा भाग कौशल्यांचा आणि दुसरा अर्धा प्रत्यक्ष सरावाचा आहे. नवखे मानसशास्त्रज्ञ पहिल्याच अर्ध्यात रेंगाळतात. श्वासाचे व्यायाम, विचारांचे तक्ते, भावनांची चित्रं यांत दहा सेशन्स जातात. मूल खूश, पालक खूश, भीती जिथल्या तिथे. खरं कारण असं की मुलाला समोर घाबरलेलं पाहणं उपचार करणाऱ्यालाच जड जातं.

एक पायरी जवळून पाहू. तेरा वर्षांची मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. तिच्याबरोबर भीतीला ० ते १० गुण देत कामांची शिडी तयार करायची आणि सुरुवात ३-४ गुणांच्या कामापासून करायची: दुकानात जाऊन एका वस्तूची किंमत विचारणं. निघण्यापूर्वी तिचं भाकीत तिच्याच शब्दांत लिहून घ्या: “माझा आवाज थरथरेल आणि दुकानदार हसेल.” याची खात्री किती? ८. परत आल्यावर विचारा: आवाज थरथरला का? “हो, थोडा.” दुकानदार हसला? “नाही. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.” शिकणं होतं ते तिचं भाकीत आणि ही उत्तरं यांमधल्या अंतरात. ‘भीती किती कमी झाली’ एवढंच विचारलं तर हे शिकणं निसटतं. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या संशोधनाचा भर नेमका यावर आहे: अपेक्षा आणि अनुभव यांची फारकत जितकी स्पष्ट, तितकं शिकणं टिकाऊ.

बिघडतं कुठे? पहिली पायरी फार उंच ठेवली जाते. मूल अर्ध्यातून पळालं तर ‘पळाल्यामुळेच वाचलो’ असं त्याच्या मनात बसतं, म्हणून त्याच सेशनमध्ये सोपी पायरी घेऊन ती पूर्ण करूनच थांबावं. दीर्घ श्वास, आईचा हात, खिशातली पाण्याची बाटली या गोष्टी हळूहळू कुबड्या होतात. त्या पुढच्या पायऱ्यांवर एकेक करून काढाव्या लागतात. आणि आठवड्यातून एकदा सराव करून काही होत नाही. घरी बहुतेक दिवशी छोटा सराव हवा. तो कोण, किती वाजता, कुठे करून घेणार हे सेशन संपण्यापूर्वी कागदावर आलं पाहिजे.

पालकांबरोबरचं काम

चिंताग्रस्त मुलाच्या घरी सगळे जण त्याची भीती सांभाळून घेत असतात. आई शेजारी झोपते, बाबा त्याच्या वतीने बोलतात, आजी शाळेला चिठ्ठी लिहिते. प्रेमापोटीच चाललेलं असतं सगळं. त्या क्षणी भीती ओसरतेही, पण ‘मला एकट्याला जमत नाही’ हे मुलाच्या मनात रोज पक्कं होत जातं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी यावरच बेतलेला ‘स्पेस’ हा उपचार विकसित केला. त्यात सेशन्स फक्त पालकांची होतात, मूल येतही नाही. १२४ मुलांवरच्या चाचणीत तो मुलांबरोबर थेट केलेल्या सीबीटीच्या तोडीचा ठरला. मूल दारातूनच परत फिरत असेल तेव्हा ही पद्धत हाताशी असणं फार मोलाचं.

यात क्रम महत्त्वाचा. आधी एक आठवडा पालकांनी फक्त नोंद करायची: भीतीपोटी आपण काय काय करतो, किती वेळा, किती मिनिटं. मग त्यातली एकच गोष्ट निवडायची. रोज घडणारी, पालकांच्या पूर्ण हातात असलेली आणि त्यांनाही नकोशी झालेली. समजा, शाळेतून घरी आल्यावर मुलगा आईला ऑफिसमध्ये पंधरा-वीस फोन करतो: “तू नक्की येशील ना?” नवा नियम असा: आई पाच वाजता एकदाच फोन उचलेल. मुलाला हे शांत वेळी, आधल्या दिवशी सांगायचं, जमलं तर लिहून द्यायचं. आणि फोनवर एकच वाक्य: “तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे.” वाक्याचे दोन्ही भाग लागतात. पहिला गाळला तर मुलाला दटावल्यासारखं वाटतं, दुसरा गाळला तर ती नुसती कीव होते.

पुढचे काही दिवस प्रकरण चिघळतं. रडणं, ओरडणं, “तुझं माझ्यावर प्रेमच नाही” इथपर्यंत. पालकांना हे आधीच सांगून ठेवलं नसेल तर ते चौथ्या दिवशी माघार घेतात आणि मूल शिकतं की जास्त वेळ रडलं की फोन उचलला जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात मध्येच एक दहा मिनिटांचा फोन ठरवून ठेवा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही योजनेत आधीच घ्या. एकाने नियम पाळायचा आणि दुसऱ्याने गुपचूप मोडायचा, असं झालं तर न केलेलंच बरं.

चिंतेबरोबर हट्ट आणि आदळआपटही असेल तर पालक-प्रशिक्षणाची दुसरी पद्धत शिकलेली हवी. शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत पालक मुलाबरोबर खेळतात आणि थेरपिस्ट काचेपलीकडून त्यांच्या कानातल्या यंत्रावर सूचना देतात. घरी रोज पाच मिनिटं खेळ: मूल करतंय त्याचं वर्णन, नेमकी शाबासकी आणि हुकूम, प्रश्न, टीका पूर्ण बंद. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या पाच मिनिटांत पालक डझनभर प्रश्न विचारून जातात.

पालक स्वतःच चिंताग्रस्त असणं हे नेहमीचंच. अशा घरांत मूल आजारी पडण्याआधीच काम करता येतं. गोल्डा गिन्सबर्ग यांच्या २०१५ सालच्या १३६ कुटुंबांच्या अभ्यासात, आठ कौटुंबिक सेशन्स मिळालेल्या गटातल्या ५ टक्के मुलांना वर्षभरात चिंताविकार झाला. फक्त एक माहितीपत्रक मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होतं. मात्र आईचा वैयक्तिक उपचार आणि मुलाचा उपचार एकाच थेरपिस्टने करू नये. आईसाठी सहकाऱ्याचं नाव द्यावं.

पहिली काही वर्षं

रुग्णालय, शाळा किंवा बालविकास केंद्र यांपैकी जिथे आठवड्याला ठरलेलं पर्यवेक्षण मिळतं, तिथेच सुरुवात करा, पगार थोडा कमी असला तरी. एकट्याने क्लिनिक थाटायची घाई नको. फक्त चिंतेच्याच केसेस घ्यायच्या असा हट्टही सुरुवातीला नको. नैराश्य, आघात, वर्तनसमस्या पाहिल्याशिवाय चिंता वेगळी ओळखू येत नाही.

विभक्त पालकांच्या बाबतीत पहिल्या भेटीआधीच संमती कोणाची लागते ते तपासा आणि कायद्याने लागत नसली तरी शक्य तिथे दोघांची घ्या. मुलाचा ताबा कोणाकडे असावा यावर मत लिहून मागितलं तर नकार द्या. उपचार करणारा आणि तटस्थ मूल्यमापन करणारा या भूमिका एकत्र नांदत नाहीत. गोपनीयतेच्या मर्यादा मूल आणि पालक दोघांना एकत्र बसवून पहिल्याच दिवशी सांगा: काय आपल्यातच राहील आणि जिवाला धोका किंवा अत्याचाराची शंका आली तर काय सांगावंच लागेल. पौगंडावस्थेतल्या मुलांशी हे नीट बोललं गेलं नसेल, तर ती तुम्हाला महत्त्वाचं काही सांगतच नाहीत.

दर चार सेशन्सनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. आठव्या सेशनपर्यंत आकडा हलला नसेल तर योजना घेऊन पर्यवेक्षकांकडे जा आणि आधी दोनच गोष्टी तपासा: आतापर्यंत प्रत्यक्ष एक्स्पोजर किती झाले, आणि घरी भीती सांभाळून घेणं कितपत कमी झालं.