इम्प्लांटचा कोर्स डॉक्टरांनी केला, टीमचं काय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे दातांचे डॉक्टर पुण्या-मुंबईला जाऊन इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा, कोर्स करून येतात, नवं किट आणतात आणि दुसऱ्याच दिवशी असिस्टंट ताईंपुढे ट्रे ठेवतात. ताईंना सांगितलेलं असतं एवढंच, "सक्शन नीट धर." खान्देशातल्या क्लिनिकच्या टीमना मी शिकवतो. तिथे त्याच त्या चुका दिसतात आणि बहुतेकांचं मूळ या अर्धवट सांगण्यातच असतं.

सर्वांत महाग पडणारी चूक पाण्याची. ड्रिल फिरताना हाड तापतं, ते थंड ठेवायला ड्रिलवर सलाइनची धार लागते. ४७ अंशांच्या वर मिनिटभर राहिलं तरी हाडातल्या पेशी मरायला लागतात आणि टायटॅनियमभोवती हाड धरत नाही. शरीराचं तापमान ३७, म्हणजे हातात फक्त दहा अंश. पंपाचा आवाज येतो म्हणजे सलाइन येतंय, असं धरून चालू नका. नळी मुडपलेली असते, बाटली संपत आलेली असते, कधी हँडपीसच्या (ड्रिल बसवायच्या मुठीच्या) आतल्या बारीक वाटेत मागच्या केसचं मीठ वाळून बसलेलं असतं. ड्रिल तोंडात जाण्याआधी किडनी ट्रेवर धरून मोटर चालवा आणि धार डोळ्यांनी पाहा. केस संपली की ती वाट डिस्टिल्ड वॉटरने धुवा. नळी दर पेशंटला नवी.

माझ्याच एका केसमध्ये धार मध्येच थांबली होती. असिस्टंटच्या लक्षात आलं, पण ती बोलली नाही. काही आठवड्यांनी इम्प्लांट हलायला लागलं, काढावं लागलं. कारण तेच होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण नंतर ती म्हणाली, "सर, तुम्ही चिडाल म्हणून गप्प बसले," ते मला फार लागलं. आता प्रशिक्षणात प्रत्येकीकडून मी मोठ्याने म्हणवून घेतो: "डॉक्टर, थांबा, पाणी नाही."

दुसरी चूक ऑटोक्लेव्हची, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची. मे महिन्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. १२१ अंशांवर सायकल निम्मी झाली आणि लाइट गेली, तर उरलेली मिनिटं मोजून चालत नाही. सायकल पहिल्यापासून लावायची. "पाकिटावरच्या टेपचा रंग तर बदललाय ना," हे उत्तर मी कितीदा ऐकलंय! टेप इतकंच सांगते की पाकीट वाफेतून गेलं. आतलं हत्यार निर्जंतुक झाल्याची हमी ती देत नाही. पाकीट ओलं निघालं तर तेही परत लावा.

हिस्टरी घेताना "काही व्यसन?" विचारलं की "नाही" येतं, कारण मिश्रीला कोणी व्यसन समजत नाही. "मावशी, मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असंच विचारा. खेड्यावरून आलेल्या पेशंटशी कोणी अहिराणीत बोललं तर तो मोकळेपणाने सांगतो, म्हणून हे काम अहिराणी येणाऱ्या ताईंकडे द्या. साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए१सी रिपोर्ट मागा. आणि एक प्रश्न हमखास राहतो: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी चालू आहे का, किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेता का? वर्षातून एकदाचं औषध पेशंटच्या ध्यानातच नसतं, पण त्याने जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते.

हेक्स ड्रायव्हरला, म्हणजे इम्प्लांटचे स्क्रू फिरवायच्या छोट्या पेचकसाला, फ्लॉसचा दोरा बांधल्याशिवाय तो तोंडात न्यायचा नाही. हातातून निसटला तर घशात जातो.

रिसेप्शनवर इम्प्लांट केलेल्या पेशंटचा फोन येतो, "दात हलतोय." त्याला पुढच्या आठवड्याची वेळ देऊ नका. बहुतेकदा आतला स्क्रू ढिला झालेला असतो आणि तसंच चावत राहिलं तर स्क्रू तुटतो. त्या बाजूने खाऊ नका म्हणून लगेच सांगा, शक्यतो त्याच दिवशी बोलवा. तात्पुरत्या कॅपवर वरण-बट्टीतली कडक बट्टी चालत नाही, हे घरी पाठवतानाच नाव घेऊन सांगा. नुसतं "मऊ खा" म्हटल्याने भागत नाही.

शेवटचं, इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर. एक फाइलमध्ये, एक पेशंटच्या कार्डावर, त्याच दिवशी चिकटवा. आपले कितीतरी पेशंट कामासाठी सुरतला जातात. पाच वर्षांनी तिथे स्क्रू ढिला झाला, तर कार्डावरची कंपनी आणि माप वाचून तिथले डॉक्टर योग्य ड्रायव्हर काढू शकतात.